बाहेरची कडी

मी फळी बोलतेय. आघाडीची नव्हे, मधली नव्हे, पुढाऱ्यांच्या भाषणात असते ती तर मुळीच नव्हे. दुकानाच्या काउंटरच्या टोकाला एक फळी असते बघा, उचलली की आत जाता येतं आणि हातातून सुटली की धाडकन खाली पडते, ती मी. शेतकऱ्यांच्या सहकारी भांडारातली. बियाणं, खत, फवारणीचे पंप, दोर, खोरी, जनावरांची पेंड, सगळं त्या भांडारात मिळतं.

आज मात्र मी भांडारात नाही. वार्षिक सभेच्या दालनात दोन खुर्च्यांवर आडवी पडलेय. बिजागऱ्या उघड्या पडल्यात, अंगाला पांढरी चिठ्ठी चिकटवलीय आणि तिच्यावर लिहिलंय, ‘पुरावा’. चाळीस वर्षं इमानेइतबारे उघडझाप केली, त्याचं हे बक्षीस. वर कुणीतरी चहाचा कप ठेवून गेलाय. पुराव्यावर चहा! एवढीच किंमत उरलीय आमची.

मला राग आलाय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीची जीभ फार चालते. लाकूड आहे मी. मऊ बोलायला मला कुणी शिकवलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी त्रेचाळीस शेतकऱ्यांनी मिळून हे भांडार काढलं. कारण अगदी साधं होतं. बाजारातला व्यापारी बियाणं विकायचा, पण गोणीचं तोंड उघडू द्यायचा नाही. उघडली तर घ्यावीच लागेल, म्हणायचा. घरी नेऊन उघडावी तर निम्मे दाणे पोचट निघायचे. मग परत गेलं की तो हात वर करायचा. शेवटी त्रेचाळीस जण म्हणाले, दुकानच आपलं काढू, म्हणजे गोणी आपण उघडू. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता, गोणीचं तोंड उघडण्यासाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे विसरले.

त्यांच्यातला सातव्या नंबरचा सभासद सुतार होता. काउंटर करायचं काम अर्थात त्याच्याच गळ्यात पडलं. लाकूड कमी पडलं तेव्हा त्यानं आपल्या जुन्या गाडीच्या तळाची एक फळी काढून आणली. तीच मी. त्यानं मला रंधा मारला, बिजागऱ्या बसवल्या आणि शेवटी कडी लावली. आतल्या बाजूला पेंडीच्या गोण्या रचलेल्या होत्या, म्हणून तो बाहेर उभा राहून काम करत होता. तोंडात पाच स्क्रू, एक कान गप्पांकडे. काम झालं, दोन पावलं मागे सरकला आणि हळूच पुटपुटला, “अरेच्चा, उलटी बसली.”

कडी बाहेरून लागली होती! दुकानदाराच्या बाजूला असायची ती गिऱ्हाइकाच्या बाजूला. बघे लगेच हसायला लागले.

“काय रे सुतारा, दुकानदाराला कोंडायचा विचार आहे का?”

सुतार गडी हुशार. तोंडातला उरलेला स्क्रू काढून म्हणाला, “घराची कडी कुणाच्या हाताशी असते? मालकाच्या. या दुकानाचे मालक कोण? आपण. आपण उभे कुठे? बाहेर. मग कडी आत लावून काय आरती ओवाळू?”

 एकानं मान डोलावली, दुसऱ्यानं डोलावली, आणि चुकीचा नियम झाला. सभासद आला की त्यानं कडी काढायची, फळी उचलायची, आत जायचं, गोणी उघडून बघायची. कुणाला विचारायचं नाही. पुटपुटणं फक्त मी ऐकलं, असंच मला वाटत होतं. मी कशाला सांगतेय? चुकून का होईना, शहाणपण तर झालं.

पहिला दुकानदार म्हणजे दाणेकाका. खिशात कायम मूठभर दाणे, म्हणून ते नाव. काकांची ढेरी अशी की माझ्यावरून वाकून बाहेरच्या कडीपर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही. खालून वाकून जायचं म्हटलं तर उठायला दोन माणसं लागायची. म्हणून जेवायला जायची वेळ झाली की ते समोर असेल त्याला म्हणायचे, “मालक, जरा कडी काढता का?”

रोज दुपारी हा शब्द. मालक. कुणी फाटक्या सदऱ्यातला असो की ट्रॅक्टरवाला, काकांच्या लेखी सगळे मालक. एकदा एक बाई आल्या, पहिल्यांदाच एकट्या. काकांनी आवाज दिला, “या मालक!” बाईंनी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

“मालक घरी आहेत,” बाई म्हणाल्या. “मीच आलेय.”

“नवरा घरी असेल,” काका म्हणाले. “भाग कुणाच्या नावावर आहे?”

“माझ्या.”

“मग मालक माझ्यासमोर उभे आहेत. कडी काढा आणि आत या.”

पहिल्या खेपेला बाईंनी कडी दोन बोटांनी काढली. दुसऱ्या खेपेला सबंध मुठीनं. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी मला अशी उचलली की मी भिंतीवर आपटले. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आणि एक रीत होती. बियाणं आलं की विक्रीच्या आधी कुणीही सभासदानं पुढे यायचं, मनाला येईल त्या गोणीतून शंभर दाणे काढायचे. काका ते ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायचे आणि ती माझ्यावर ठेवायचे. रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी सगळ्यांसमोर गुंडाळी उलगडायची आणि कोंब फुटलेले दाणे मोजायचे. पंच्याऐंशीला एक जरी कमी भरला तरी गाडी आल्या पावली परत. माझ्या पाठीवर हा काळपट डाग आहे ना, तो त्या गुंडाळ्यांचा. इतरांना घाण वाटते. माझं ते भूषण आहे.

सुताराची लेक तेव्हा फ्रॉकमध्ये यायची. कोंब मोजताना बापाच्या खांद्यावरून वाकायची आणि काकांच्या आधी आकडा सांगायची. पुढे सुतार गेला. त्याच्या मुलानं शहरात बस्तान बसवलेलं, तो म्हणाला, मला ना ती पेटी नको ना तो नंबर. लेकीनं दोन्ही घेतलं. बापाची हत्यारांची पेटी आणि बापाचा सभासद क्रमांक. सासरची जमीन ती स्वतः कसायची, नवऱ्याच्या पाठीचं दुखणं जुनं. लोक तिला सातनंबर म्हणू लागले, आणि ती त्या नावाला ओ द्यायची.

मग काका निवृत्त झाले आणि साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी रागात असले तरी सांगते. कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आला होता, ग्राहकसेवेचं. त्यानं खुर्च्या आणल्या, थंड पाण्याचं यंत्र आणलं. म्हाताऱ्यांना बसायला मिळालं, ते चांगलंच झालं. पण त्यानं काउंटरवर काच बसवली, काचेला बोलायला एक भोक आणि हात घालायला एक फट. नंबर छापणारं यंत्र आणलं. खिडकीत एक मुलगी बसवली, ती माइकवरून नंबर पुकारायची. तिचं नाव पडलं टोकनताई. भिंतीवर मोठी पाटी लागली, ‘ग्राहक हा राजा आहे’. आणि माझ्या छाताडावर छोटी पाटी लागली, ‘प्रवेश निषिद्ध’.

वा रे राजा! स्वतःच्या राज्यात शिरायची बंदी. मालक होता तेव्हा घरात येत होता, राजा झाला आणि उंबऱ्याबाहेर बसला.

शिवाय एक डबी होती, तीन बटणांची. हसरं तोंड, सरळ तोंड, रडकं तोंड. आमची सेवा कशी वाटली, बटण दाबून कळवा. महिन्याच्या शेवटी साहेब आकडे लावायचे, सगळी तोंडं हसरी किंवा सरळ. रडकं एकही नाही. का नाही, ते पुढे सांगते.

एक दिवस साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ही कडी उलटी बसलीय. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” लगेच मिस्त्री बोलावला. त्यानं बाहेरची कडी काढली, आतून लावली, वर टीचभर कुलूप अडकवलं. माझ्या अंगावर बाहेरच्या बाजूला चार भोकं तशीच राहिली. मराठीत कुणी हद्द ओलांडली की म्हणतात, यानं कडीच केली. साहेबांनी खरोखरीच केली.

त्या दिवशी दुकानात अकरा सभासद होते. अकरा! एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे मूग गिळून बसले, आणि मूग विकायला आम्हीच ठेवले होते. उलट एक जण म्हणाला, “बरं झालं, आता कुणीही उठून आत घुसणार नाही.” हा स्वतः रोज आत घुसून फुकट दोऱ्याचे तुकडे खिशात घालायचा. सातनंबर त्या दिवशी नव्हती. असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

गुंडाळीही बंद झाली. कंपनीचं प्रमाणपत्र येतं, मग हे ओलं गोणपाट कशाला, दुकान गलिच्छ दिसतं. हेही सगळ्यांना पटलं. माणसाला बसायला खुर्ची दिली की त्याला पुष्कळ गोष्टी पटतात.

आता यंदाची गोष्ट. मक्याचं बियाणं आलं. गोदामात थराथरानं रचलं. शनिवारी कुणीतरी छतावरच्या टाकीत पाणी चढवायचा पंप सुरू केला आणि बंद करायचा विसरला. रविवारी सुट्टी. दीड दिवस टाकी वाहत राहिली, पाणी छतातून गोदामात उतरलं आणि मागच्या रांगेतल्या खालच्या गोण्या भिजल्या. सोमवारी दार उघडलं तेव्हा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

खरं बोलायची वेळ तीच होती. सभासदांना बोलावून सांगायचं, बाबांनो चूक झाली, एवढं बियाणं गेलं, नवीन मागवू. चार शिव्या पडल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण साहेबांच्या डोक्यात वर्षाचा अहवाल होता. हमालांनी गोण्या मागच्या अंगणात उसवल्या, दोन दिवस दाणे उन्हात पसरले, परत भरले, परत शिवले. थराच्या पुढच्या बाजूला कोरड्या गोण्या, मागे या. एका हमालानं जाता जाता गोणी माझ्यावर टेकवली. लाकडाला ओल कळते हो! वरून वाळली होती, आत पोटात गार होती. मी सबंध अंगानं करकरले. माझी करकर ऐकतंय कोण?

वाटप सुरू झालं. पहिल्या दिवशी फक्त पुढच्या गोण्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मधूनमधून मागच्याही निघू लागल्या. त्यातलीच एक सातनंबरच्या वाट्याला आली. तिनं तिथेच दोऱ्याचं टोक सोडवलं, मूठभर दाणे काढले, नाकाशी नेले.  गोणी उचलून घरी गेली.

सहाव्या दिवशी ती परत आली. काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी. रीतसर नंबर घेतला, खुर्चीवर बसली, नंबर पुकारल्यावर उठली. काचेच्या फटीतून गुंडाळी आत जाईना, म्हणून तिनं ती माझ्यावर ठेवली आणि उलगडली. किती वर्षांनी माझ्या पाठीला ती ओल लागली! डोळे असते तर भरून आले असते.

“मोजा,” ती टोकनताईला म्हणाली.

टोकनताई काचेआडून बघत राहिली. रांगेतला एक म्हातारा उठून आला आणि बोटानं मोजू लागला. “एकतीस,” तो म्हणाला. परत मोजले. एकतीसच. “शंभरात एकतीस? बाकीचे?”

“बाकीचे कुजलेत. वास घ्या.”

म्हातारा घरी दोन गोण्या घेऊन गेला होता. त्याच्या हातातला नंबराचा कागद खाली पडला. जमिनीत वाफसा यायला चार-सहा दिवस उरले होते. ओल आणि ऊब नेमकी जुळते ते दिवस थोडेच, त्यात पेरलं तर पेरलं. ते दिवस या दाण्यांवर गेले असते तर शेत मोकळं राहिलं असतं, आणि कळलं असतं तेव्हा हंगाम हातचा गेलेला असता. एकाचा नाही, दोनशे घरांचा.

साहेब हसत बाहेर आले. प्रशिक्षणातलं हसू, ते कधी मावळत नसे. “ताई, तुमची गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व. तुमच्यापुरती गोणी लगेच बदलून देतो. पुढच्या थरातली, एकदम चांगली.”

“माझ्यापुरती?”

“हो, तुमचं समाधान महत्त्वाचं.”

घ्यायची होती तिनं. मी असते तर घेतली असती, खोटं कशाला बोलू? नवऱ्याची पाठ तशी, एक शेत, एक हंगाम. चांगली गोणी समोर चालून आलेली. तिनं क्षणभर त्या गुंडाळीकडे बघितलं.

“आणि यांच्या गोण्या?” तिनं म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

“ज्यांची तक्रार असेल त्यांनी अर्ज भरावा. तीन ते चार या वेळेत.”

“अर्ज नको. मी आत जाऊन गोण्या बघते.”

“आत परवानगी नाही, ताई.”

“मी सभासद आहे.”

“सभासद तुम्ही सभेच्या दिवशी,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “आज तुम्ही ग्राहक आहात.”

ऐकलंत? वर्षातला एक दिवस मालक आणि उरलेले दिवस गिऱ्हाईक! मी लाकूड, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खुर्च्यांवर बसलेले वीस जण काय करत होते? काही जमिनीकडे बघत होते. काही थंड पाणी पीत होते.

सातनंबर त्या डबीपाशी गेली आणि रडक्या तोंडाचं बटण दाबलं. परत दाबलं. चारपाच वेळा दाबलं.

“ते बटण जोडलेलंच नाही, ताई,” टोकनताई हळूच म्हणाली. बिचारी माइक बंद करायला विसरली होती, सगळ्या दुकानानं ऐकलं.

रांगेतला एक जण पुढे झाला. “एवढं काय त्यात? फळीखालून वाक आणि जा आत.”

“वाकून चोर जातो,” ती म्हणाली. “माझ्या वडलांनी फळी उचलायला केलीय.”

आणि ती निघून गेली. साहेबांना वाटलं, गेली ब्याद. पुढचा नंबर पुकारला गेला. पण पाऊण तासात तिची सायकल दाराशी लागली आणि कॅरिअरवर बापाची पेटी होती.

तिनं लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला. तोच, ज्यानं माझ्या बिजागऱ्या बसवल्या होत्या. कुलूप होतं कडीला, बिजागऱ्यांना कुठलं कुलूप? तिनं पहिला स्क्रू फिरवला. दुसरा. तिसरा. चौथा गंजला होता, हलेना. तिनं मुठीवर सगळा भार टाकला, कपाळाची शीर तटतटली. साहेब फोनवर अध्यक्षांना बोलावत होते. कुणी तिला अडवलं नाही. कुणी हातही लावला नाही. वीस माणसं नुसती बघत होती. शेवटी चौथा किंचाळत फिरला. आठ स्क्रू निघाले तेव्हा तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीशी अलगद उभं केलं. पाटीवरचं ‘प्रवेश निषिद्ध’ भिंतीकडे तोंड करून.

ती आत गेली. पुढच्या थरातली गोणी उघडली, चांगली. दुसरी उघडली, चांगली. साहेब बाहेरून ओरडले, “बघा, बघा! उगाच संस्थेची बदनामी!” ती घामाघूम, शंभर-सव्वाशे गोण्यांचा डोंगर समोर, कुठून उसवणार? त्या वेळी माइक खरखरला.

“मागची रांग,” टोकनताईचा आवाज आला. “भिंतीकडच्या गोण्या. खालचे तीन थर.”

त्या माइकवरून नंबराशिवाय दुसरं काही मी तोवर ऐकलं नव्हतं. शब्द एकूण एक कळले. आता मात्र खुर्च्या मागे सरकल्या. म्हातारा पहिला उठला, मग बाकीचे. मी नव्हतेच वाटेत. सगळे सरळ आत गेले. मागच्या गोण्या ओढल्या, उसवल्या. तळाशी हिरवट बुरशी, दाण्यांचे गोळे झालेले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

वाटप बंद झालं. नेलेल्या गोण्या परत आल्या. नवं बियाणं नऊ दिवसांनी आलं, पेरण्या लांबल्या, पण झाल्या. दोनशे घरांचा हंगाम वाचला. मग सातनंबरला काय मिळालं म्हणता? नोटीस. ‘संस्थेच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान केल्यामुळे आपले सभासदत्व रद्द का करू नये.’ आणि टोकनताईची बदली खताच्या गोदामात. माइक नाही, खिडकी नाही, दिवसभर खताचा दर्प. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तर असं मी पुरावा झाले आणि या दालनात आले.

मघाशी विषय क्रमांक नऊ निघाला. साहेबांनी माझ्यावरचा कप उचलला आणि मला सभेला दाखवलं. “ही पहा फळी. हे संस्थेचं नुकसान. आज एकानं फळी काढली, उद्या दुसरा दार काढेल.” अध्यक्ष टेबलामागे बसून मान हलवत होते. दोन्ही बाजूंना हलते अशी मान आहे त्यांची.

मागून काठीचा आवाज आला. दाणेकाका! ढेरी पार उतरलीय, सदरा अंगावर लोंबतोय. ते माझ्यापाशी आले, बोटानं चार भोकं चाचपली.

“इथे कडी होती,” ते म्हणाले. “उलटी बसली होती. चूक होती ती सुताराची. त्यानं मारे भाषण ठोकलं, पण मी त्याच्या मागेच उभा होतो. ‘अरेच्चा’ म्हणाला तो.”

सभा हसली. साहेबांना जोर चढला. “बघा, काकाही म्हणतात चूक होती.”

“चूकच,” काका म्हणाले. “तीस वर्षं त्या चुकीमुळे मला कुणाला तरी मालक म्हटल्याशिवाय जेवायला जाता आलं नाही. तुम्ही ती दुरुस्त केलीत. मग बुरशी कुठल्या बाजूनं आली, आतून की बाहेरून?”

 अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सभासदत्व रद्द करण्याच्या बाजूनं कोण, म्हणून विचारलं. चारपाच हात वर झाले, आजूबाजूला बघून त्यातले दोन खाली आले. विरुद्ध कोण? पहिला हात त्या म्हाताऱ्याचा. मग एकेक करत बरेच. सातनंबर सभासद राहिली. टोकनताईचं नाव विषयपत्रिकेत नव्हतं, म्हणून ते निघालंच नाही. ती दाराशी उभी आहे, अंगाला खताचा वास. कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि याचाही मला राग आहे.

“मग ताईंनीच फळी परत बसवून द्यावी,” अध्यक्ष म्हणाले. “विषय मिटला.”

सातनंबर उठली. पेटी तिच्या पायाशीच होती. तिनं माझ्या अंगावरची ‘पुरावा’ची चिठ्ठी सोलून काढली, आतली कडी चार स्क्रू सोडवून हातात घेतली आणि सभेकडे तोंड केलं.

“बसवते,” ती म्हणाली. “कडी कुठल्या बाजूनं लावू?”

 मघाशी वर झालेले सगळे हात मांडीवर. कारण कळलंय प्रत्येकाला. कडी आतून असली की खुर्चीवर बसून शिव्या घालता येतात. बाहेरून असली की रोज उठावं लागतं, आत जावं लागतं, गोणी उघडून नाक खुपसावं लागतं. मालकी म्हणजे काम आहे, आणि कामाला हात वर करायला माणूस धजत नाही.

“दोन्हीकडून लावा की,” अध्यक्ष म्हणाले.

“दोन्हीकडून कडी लावली की ती भिंत होते,” सातनंबर म्हणाली. “एक बाजू सांगा.”

ती आत्ता, या क्षणाला, माझ्यासमोर उभी आहे. एका हातात कडी, दुसऱ्या हातात बापाचा स्क्रूड्रायव्हर. माझ्या अंगावर चार भोकं आतून आहेत, चार बाहेरून. मला कुठेही चालेल असं म्हणून मोकळी होणार नाही मी. मला बाहेरून हवीय. पण मी लाकूड, मला मत नाही.

दाणेकाकांना राहवलं नाही. त्यांनी काठी आपटली आणि दुपारी जेवायला जाताना द्यायचे तसा आवाज दिला, “मालक, बोला की! कडी कुठून?”

आणि काय सांगू तुम्हाला, भरलेलं दालन, पुढच्या रांगेपासून एकेकानं मान वळवून मागे बघितलं, काका कुणाला म्हणतायत म्हणून.

अहो, मागे कुणी नाही. तुम्हालाच म्हणतायत ते.